शल्यापिन, फ्यॉदर इव्हानोविच

शल्यापिन, फ्यॉदर इव्हानोविच : (१३ फेब्रुवारी १८७३–१२ एप्रिल १९३८). जगप्रसिद्ध रशियन ऑपेरागायक व नट. मंद्र स्वरातील पुरुषी आवाजाला पाश्चात्त्य संगीतात ‘बास’ अशी संज्ञा आहे. या आवाजाच्या गायकांत शल्यापिनचे स्थान अनन्यसाधारण होय. त्याच्यापूर्वी ऑपेरात बास गायकाच्या वाट्याला बहुधा राजा, धर्मगुरू, वृद्ध पिता, सैतान किंवा एखादे विनोदी पात्र यांच्या भूमिका येत. नायकाची भूमिका आणि तिच्याबरोबर येणारी लोकप्रियता ही तारस्वराच्या टेनर गायकाची मिरास समजली जाई. शल्यापिनने हा क्रम पालटला. केवळ आवाजाच्या बळावर मात्र त्याने हे साधले नाही. त्याच्याहून खोल व दणदणीत आवाजाचे गायक त्याच्या काळी रशियात, विशेषतः तेथील चर्चच्या गायकवृंदांत, होते. शब्दाचा अर्थ, पात्राचा स्वभाव आणि प्रसंगाचा ताण हे सर्व स्वराच्या रंगातूनच प्रकट करणारी गायकी त्याने घडविली. गाणे आणि अभिनय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही रूढ समजूत निदान आपल्यापुरती तरी त्याने खोटी ठरविली. अशा गायकीपुढे संगीतकाराच्या रचनेचे स्थान कोणते, हा प्रश्न त्याच्या हयातीतच उपस्थित झाला आणि त्याच्या मूल्यमापनात तो टाळता येत नाही.

शल्यापिनचा जन्म व्होल्गा नदीकाठच्या कझान या शहरी झाला. वडील इव्हान याकव्लेविच हे मूळचे व्यात्का प्रांतातील शेतकरी कुटुंबातले. कझानच्या स्थानिक प्रशासनाच्या कचेरीत ते कारकून होते. त्यांचे मद्यपान व घरातील दारिद्र्य यांमुळे फ्यॉदरचे बालपण कष्टात गेले. शालेय शिक्षण जेमतेम झाले. चांभार व कातारी यांच्या हाताखाली त्याने काही काळ उमेदवारी केली. चर्चच्या गायकवृंदात बालस्वरात गाऊन थोडीबहुत कमाईही तो करी. आठ-नऊ वर्षांचा असताना कझानच्या जत्रेतील एका विदूषकाचे खेळ त्याने पाहिले. रंगभूमीची ओढ आपल्याला तेथून लागली, असे त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. युरोपातील राजेरजवाड्यांनी गौरविलेल्या या गायकाने आपल्या कलेचा उगम जत्रेतल्या फळकुटाच्या मंचाशी नेऊन भिडवावा, हे त्याच्या वृत्तीशी सुसंगतच आहे.

सतराव्या वर्षी, १८९० मध्ये, तो ऊफा येथील एका ऑपेरेटा-मंडळीत समूहगायक म्हणून दाखल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोलिश संगीतकार मोन्यूश्को याच्या हाल्का या ऑपेरातील एका गायकाची जागा ऐन वेळी रिकामी पडल्याने ती भूमिका त्याच्याकडे आली. गाणे निभावले, परंतु बसण्याच्या प्रसंगी खुर्चीचा अंदाज चुकून तो रंगमंचावर साफ आपटला. पुढे कित्येक वर्षे मंचावर बसण्यापूर्वी आपण खुर्ची जागेवर आहे ना, हे चोरून पाहत असू, असे तो सांगत असे. यानंतर फिरत्या युक्रेनियन मंडळींबरोबर त्याची भटकंती झाली. उपासमारही वाट्याला आली. अखेर तो तिफ्लिस (आधुनिक त्बिलिसी) येथे पोहोचला आणि रेल्वेच्या हिशेबखात्यात कारकुनी करू लागला. तेथे मॉस्कोच्या बल्शोय रंगमंदिराचा माजी टेनर गायक दमीत्री उसातॉव्ह याची व त्याची गाठ पडली. उसातॉव्हने १८९२-९३ मध्ये त्याला विनामूल्य शिकविले. श्वासावरील ताबा, स्वर न तोडता तो सलग पुढे नेण्याची इटालियन पद्धती आणि मुसोर्गस्कीच्या संगीताचा परिचय ही उसातॉव्हची देणगी होय. शल्यापिनचे रीतसर संगीतशिक्षण एवढेच. १८९३ मध्ये तिफ्लिसच्या ऑपेरागृहात त्याचे पदार्पण झाले, १८९४ मध्ये तो सेंट पीटर्झबर्गला आला आणि १८९५ मध्ये तेथील मारीइन्स्की या शाही रंगमंदिरात त्याला प्रवेश मिळाला.

मारीइन्स्कीतील वर्ष अपयशाचे ठरले. गुनॉच्या फाउस्टमधील मेफिस्टोफेलीस बेतास बात झाला, तर ग्लिंकाच्या रूस्लानमध्ये तो सपशेल पडला. या काळातील एक प्रसंग मात्र त्याची गायकी समजून घेण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दर्गोमीझ्स्कीच्या रुसाल्का या ऑपेरात एक गिरणीवाला आपल्या तरुण मुलीला उपदेश करतो. हे गीत शल्यापिन बिनचूक गाई, तरीही श्रोते थंड राहत. मामाँत दाल्स्की या प्रसिद्ध शोकात्म नटापाशी त्याने आपले गाऱ्हाणे मांडले. दाल्स्कीने त्याला गीताचे शब्द नुसते वाचावयास सांगितले आणि ते ऐकून दोष दाखविला : हा गिरणीवाला किरकोळ दुकानदारासारखा बोलतो आहे, वास्तविक तो स्वतःच्या मालकीची गिरणी व जमीन असलेला भारदस्त माणूस आहे. स्वर बरोबर होता, बोलण्याचा सूर चुकीचा होता. भारतीय नाट्यशास्त्रात आवाजाच्या ज्या अर्थवाही बदलास ‘काकू’ म्हटले आहे, त्याच्याशी दाल्स्कीच्या या सूचनेचे जवळचे नाते आहे. भरताने काकूचा विचार प्रामुख्याने पाठ्याच्या, म्हणजे संवादोच्चाराच्या, संदर्भात केला. शल्यापिनपुढील प्रश्न अधिक बिकट होता. नटाला स्वराची उंची व लांबी निवडण्याची मोकळीक असते. ऑपेरागायकाला या दोन्ही गोष्टी संगीतकाराने आधीच नेमून दिलेल्या असतात. उरते ते स्वराचे वजन, त्याचा रंग, व्यंजनावरील दाब, श्वासाची जागा. एवढ्या चिंचोळ्या जागेत काकू साधावयाचा होता. शल्यापिनची सारी पुढील साधना या जागेतली आहे.

ही साधना करण्यास त्याला अनुकूल स्थळ मिळाले ते मॉस्कोचा धनाढ्य रेल्वे-उद्योजक साव्हा मामंतॉव्ह याच्या खाजगी ऑपेरा-मंडळीत. १८९६ च्या उन्हाळ्यात नीझ्नी नॉव्हगोरोद येथे तो या मंडळीत गायला. शाही रंगमंदिराशी झालेला करार मोडल्यास दंड भरावा लागणार होता. त्याचा भार उचलण्यात मामंतॉव्हने हात दिल्याने तो मॉस्कोत आला आणि १८९९ पर्यंत तेथे राहिला. ही तीन वर्षे म्हणजे त्याच्या कलाजीवनाचा गाभा होय. मामंतॉव्हच्या मंडळीत नेपथ्य व वेषभूषा यांचे काम पोलेनॉव्ह, व्हास्नेत्सॉव्ह, कराव्हिन, व्ह्रूबेल यांसारखे श्रेष्ठ चित्रकार पाहत. वाद्यवृंदाचा दुय्यम संचालक म्हणून १८९७-९८ च्या हंगामात तरुण रॅखमानिनॉव्ह होता. त्याने शल्यापिनला संगीतशास्त्राची बैठक दिली, नवी रचना मुळापासून कशी वाचावी हे दाखविले आणि त्या दोघांची आजन्म मैत्री जडली. सेरॉव्हच्या यूदिफ (१८९८ चा प्रयोग) या ऑपेरात असिरियन सेनापती हॉलफर्निस याची भूमिका बसविताना संगीतकाराचा मुलगा व नामवंत चित्रकार वालेन्तिन सेरॉव्ह याने त्याला प्राचीन असिरियन शिल्पांची चित्रे दाखविली. त्या उत्थित शिल्पांतील करकरीत, एका बाजूने दिसणाऱ्या आकृतींवरून शल्यापिनने हात-पायांच्या हालचाली बेतल्या. रंगभूषा तो स्वतःच करी. चित्र काढण्याची व मातीत मुखवटे घडविण्याची त्याला हातोटी होती. सहा फुटांहून उंच देहाचा उपयोग कसा करावा, हे तो गायकांकडून नव्हे तर चित्रकारांकडून शिकला, असे म्हणावयास हरकत नाही.

रिम्स्की-कॉर्साकॉव्हच्या प्स्कव्हित्यांका (‘प्स्कॉव्हची कन्या’) मधील क्रूरकर्मा झार इव्हान ही या काळातील पहिली महत्त्वाची भूमिका (१८९६). इव्हान प्रथम प्रवेश करतो तो एका सरदाराच्या घराच्या उंबरठ्यावर, आत यावे की नाही, अशा अर्थाचे दोन-तीन शब्द उच्चारीत. तालमीत शल्यापिनने ते कुत्सित, साळसूद स्वरात म्हटले. सारा प्रवेश निर्जीव झाला आणि संतापाच्या भरात त्याने संगीतलिपीची पाने फाडली. मामंतॉव्हने एवढेच सुचविले, की इव्हानचा कावेबाजपणा या उच्चारात आहे, त्याची दहशत नाही. तेच शब्द पोलादी, धमकीच्या स्वरात आल्याबरोबर पुढील सर्व प्रवेश आपोआप उलगडला. एका उच्चारावर अख्खी भूमिका तोलली जाते, हा सिद्धांत शल्यापिनने नंतर मास्का इ दुशा (१९३२, म. शी. ‘मुखवटा व आत्मा’) या ग्रंथात विस्ताराने मांडला. त्याच ऑपेराच्या अनुभवातून तो सिद्ध झालेला होता.

मुसोर्गस्कीच्या खव्हान्श्चिना मधील दसिफेय (१८९७), रिम्स्की-कॉर्साकॉव्हच्या मोझार्ट व सलिएरी मधील सलिएरी (पहिला प्रयोग १८९८) आणि मुसोर्गस्कीच्याच बोरीस गदुनॉव्ह मधील झार बोरीस (१८९८) या भूमिका त्यानंतर आल्या. यांपैकी सलिएरीची भूमिका सर्वसामान्य श्रोत्याला तितकी आकर्षक वाटत नाही. तीत मोठी गीते नाहीत, टाळ्यांच्या जागा नाहीत. पुश्किनच्या नाट्यसंहितेवर संवादगानाच्या अंगाने जाणारी ती रचना आहे. मत्सराचे तत्त्वज्ञान बनविणारा, विष देण्यापूर्वी स्वतःची समजूत घालणारा सलिएरी शल्यापिनने जवळजवळ न हालता उभा केला. त्याच्या कलेचा कस पाहावयाचा तर तो या भूमिकेत पाहावा. बोरीसमध्ये त्याच्या मदतीला राजवस्त्रे, घंटा व वृंदगान असते. सलिएरीत फक्त शब्द आणि स्वर.

कीर्ती मात्र बोरीसने दिली. एका बालराजपुत्राच्या खुनाचा डाग माथ्यावर घेऊन राज्य करणाऱ्या या झारची भूमिका तयार करताना शल्यापिनने इतिहासकार व्हसीली क्ल्युचेफ्स्की याची भेट घेतली. १८९८ च्या उन्हाळ्यात ग्रामीण भागातील एका वाडीच्या परिसरात फिरता फिरता क्ल्युचेफ्स्कीने त्याला त्या काळाची माहिती सांगितली आणि बोलण्याच्या ओघात धूर्त दरबारी शूइस्कीची नक्कल इतकी हुबेहूब केली, की हा गृहस्थ गायक असता तर आपण त्याच्यासमोर बोरीस केला असता, असे शल्यापिनला वाटले. १८७४ मधील पहिल्या प्रयोगात बोरीसची भूमिका मेल्निकॉव्ह या बॅरिटोन गायकाने केली होती. शल्यापिनचा आवाजही अतिमंद्र नव्हता. तो ‘गेय बास’ या जातीचा, वरच्या स्वरांत बॅरिटोनच्या प्रदेशात सहज वावरणारा होता. (रुबिनश्टाइनच्या डेमन मधील मूळ बॅरिटोनसाठी लिहिलेली नायकाची भूमिकाही त्याने केली.) त्यामुळे बोरीसच्या स्वगतातील चढते स्वर त्याला ओरडून घ्यावे लागत नसत. त्याचे खरे वैभव हळू आवाजात होते. पूर्ण रंगमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा, पण कानात सांगितल्यासारखा वाटणारा अर्धस्वर त्याला साधला होता. घड्याळाच्या ठोक्यांबरोबर खून झालेल्या मुलाची आकृती दिसू लागते, त्या प्रवेशात तो स्वराची नेमकी उंची अधूनमधून सोडून उच्चार व कुजबूज यांच्या सीमेवर उतरे. मृत्यूच्या प्रवेशात याच्या उलट, मुलाचा निरोप घेताना तो अत्यंत सलग व नितळ गाई. भयाला स्वराची मोडतोड आणि वात्सल्याला शुद्ध गान, ही योजना विचारपूर्वक केलेली दिसते.

मामंतॉव्हची मंडळी सोडून १८९९ मध्ये तो मॉस्कोच्या बल्शोय रंगमंदिरात गेला. १८९८ मध्ये योला तोर्नागी या इटालियन नर्तिकेशी त्याचा विवाह झाला होता. १९०१ मध्ये मिलान येथील ला स्काला या जगद्विख्यात ऑपेरागृहात बॉइटोच्या मेफिस्टोफेले या ऑपेरासाठी त्याला निमंत्रण आले. संचालक तोस्कानीनी आणि फाउस्टच्या भूमिकेत कारूझो, असा हा योग होता. इटलीत जाऊन एका रशियनाने इटालियन ऑपेरा गावा, ही कल्पनाच तेथील लोकांना धाडसाची वाटली. पैसे घेऊन टाळ्या वाजविणाऱ्यांची टोळीही त्याच्याकडे आली. त्याने तिला घराबाहेर काढले. प्रयोगास मिळालेल्या उत्स्फूर्त प्रतिसादाने त्याचे नाव युरोपभर झाले. सर्गेई द्यागिल्येव्हने १९०८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात बोरीस गदुनॉव्ह सादर केला, तेव्हा रशियन ऑपेराची पश्चिमेला खऱ्या अर्थाने ओळख पटली. लंडनमध्ये १९१३ व १९१४ साली तो गायला. १९१४ च्या हंगामात बरदीनच्या प्रिन्स ईगर मधील उधळ्या राजपुत्र व पोलोव्हत्सियन खान या दोन परस्परभिन्न भूमिका एकाच रात्री करण्याचा पराक्रम त्याने केला. मास्नेचा दाँ किशोत (१९१०, माँटी कार्लो) हा ऑपेरा त्याच्यासाठीच रचला गेला. त्याच्या एकूण भूमिकांची संख्या सत्तरच्या आसपास भरते.

सर्वत्र जयजयकार झाला असे मात्र नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०७-०८ च्या हंगामात त्याने केलेला रोसीनीचा दॉन बाझीलिओ तेथील समीक्षकांना ओंगळ वाटला. कळकट झगा, नाकात बोटे, तेलकट हास्य अशा तपशिलांनी अभिजात संगीताचा अवमान होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आज हा आक्षेप सोवळेपणाचा वाटेल. परंतु त्यात तथ्याचा अंश आहे. रोसीनीचे विनोदी संगीत काटेकोर लयीवर उभे असते. अभिनयाच्या सोयीसाठी लय ताणली की विनोद पात्रात उतरतो, पण संगीतातून निघून जातो. रशियन संवादगानात जी मोकळीक अर्थवाही ठरते, तीच येथे बाधक होते. लयीच्या प्रश्नावरून वाद्यवृंदसंचालकांशी त्याचे खटके उडत. भर प्रयोगात मंचावरून हाताने लय दाखविण्यासही तो मागेपुढे पाहत नसे. या वागण्यात अहंकार होता यात शंका नाही. मात्र संपूर्ण प्रयोगाची लय नाट्याच्या दृष्टीने बांधली जावी, ही त्याची मागणी अवास्तव म्हणता येत नाही.

राजकारणाने त्याच्या जीवनात वारंवार ढवळाढवळ केली आणि दर वेळी तो अपुरा पडला. माक्सिम गॉर्की हा त्याचा निकटचा मित्र. दोघांचेही तारुण्य व्होल्गाकाठच्या गरिबीत गेलेले. १९०५ च्या क्रांतीच्या वातावरणात बल्शोयच्या मंचावरून ‘दुबीनुश्का’ हे कष्टकऱ्यांचे गीत गाऊन त्याने सरकारचा रोष ओढवून घेतला. १९११ च्या जानेवारीत मारीइन्स्कीत मेयेरहोल्टने दिग्दर्शित केलेल्या बोरीसच्या प्रयोगास झार दुसरा निकोलस उपस्थित असताना समूहगायकांनी आपल्या मागण्यांसाठी गुडघे टेकले. मंचावर असलेला शल्यापिनही गुडघ्यावर बसला. हा कट नव्हता, गोंधळ होता. पण पुरोगामी वर्तुळांत त्याच्यावर विश्वासघाताचा आरोप झाला. प्लेखानॉव्हने त्याने भेट दिलेले त्याचे छायाचित्र परत पाठविले. गॉर्कीही दुखावला, पुढे दोघांचा समेट झाला. शल्यापिनचे पहिले आत्मचरित्र, स्त्रानित्सी इझ मयेय झीझ्नि (म. शी. ‘माझ्या जीवनातील पृष्ठे’), हे १९१६ मध्ये क्रिमियात त्याने गॉर्कीच्या साहाय्याने सांगून लिहवून घेतले, ते गॉर्कीच्या नियतकालिकातून १९१७ मध्ये प्रसिद्ध होऊ लागले. १९१७ च्या क्रांतीनंतर तो देशातच राहिला, मारीइन्स्कीची कलाविषयक धुरा त्याने सांभाळली आणि १९१८ मध्ये ‘प्रजासत्ताकाचा लोककलावंत’ हा किताब त्याला देण्यात आला. १९२२ मध्ये परदेशच्या दौऱ्यावर गेलेला शल्यापिन पुन्हा परतला नाही. पॅरिसला त्याने घर केले. रशियन निर्वासितांच्या गरजू मुलांसाठी त्याने काही रक्कम दिली, हे निमित्त होऊन १९२७ मध्ये सोव्हिएट शासनाने त्याचा किताब काढून घेतला.

त्याच्या कलेवर या देशत्यागाचा परिणाम काय झाला, याचा विचार चरित्रकारांनी भावनेच्या अंगाने पुष्कळ केला, कलेच्या अंगाने कमी. मेट्रोपॉलिटनमध्ये १९२१ साली त्याने बोरीस केला, तेव्हा इतर सर्व गायक व वृंद इटालियन भाषेत गात होते आणि तो एकटा रशियन भाषेत. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन येथील १९२८ च्या प्रयोगातही हाच प्रकार होता. ज्याची सारी गायकी शब्दाच्या उच्चारावर उभी, त्याचा शब्द प्रेक्षकांना कळत नव्हता आणि समोरच्या पात्रालाही तो त्याच भाषेत उत्तर देत नव्हता. तरीही प्रेक्षक भारावून जात, हा त्याच्या सामर्थ्याचा पुरावा मानला जातो. तो आहेच. पण त्याबरोबर, शब्दार्थाची वाट बंद झाल्यावर हुंदके, दीर्घ श्वास, हास्य, देहाचे कंपन यांसारख्या शब्देतर साधनांचा वापर अपरिहार्यपणे वाढत गेला, हेही त्याच्या उत्तरकालीन ध्वनिमुद्रणांवरून दिसून येते. मामंतॉव्हच्या मंडळीतील एकसंध प्रयोगांची जागा आता एका महान नटाच्या सभोवार तात्पुरत्या जमविलेल्या प्रयोगांनी घेतली. नव्या भूमिका थोड्या; बोरीस, मेफिस्टोफेलीस, दाँ किशोत हीच पुनःपुन्हा.

बोरीस गदुनॉव्हच्या संदर्भात हा प्रश्न अधिक खोल जातो. शल्यापिन गाई ती रिम्स्की-कॉर्साकॉव्हने संस्कारित केलेली आवृत्ती. तीत वाद्यवृंदाची रंगत वाढविली आहे आणि मुसोर्गस्कीने ऑपेराच्या शेवटी ठेवलेला बंडखोर जनतेचा प्रवेश अलीकडे घेऊन बोरीसचा मृत्यू अखेरीस आणला आहे. मुसोर्गस्कीच्या कल्पनेत जनता हे एक प्रमुख पात्र होते आणि बोरीसच्या वाट्याला प्रवेश मोजकेच होते. शल्यापिनच्या प्रभावामुळे हा ऑपेरा दीर्घकाळ ‘बोरीसची शोकांतिका’ म्हणूनच जगात ओळखला गेला. मुसोर्गस्कीच्या मूळ संहितांची पाव्हेल लाम याने संपादित केलेली आवृत्ती १९२८ मध्ये आणि डेव्हिड लॉइड-जोन्स याने संपादित केलेली १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर संगीतकाराची स्वतःची रचना हळूहळू प्रचारात आली आणि जनतेला तिचे स्थान परत मिळाले. असे असले तरी दुसरी बाजू नोंदविणे न्याय्य ठरेल. शल्यापिन नसता तर मुसोर्गस्की रशियाबाहेर इतक्या लवकर गेलाच नसता. शिवाय पीमेन हा वृद्ध इतिहासलेखक साधू आणि मद्यपी वार्लाम या त्याच ऑपेरातील भूमिकाही त्याने केल्या होत्या, तसेच १९११ मध्ये मारीइन्स्कीत खव्हान्श्चिना हा समूहप्रधान ऑपेरा स्वतः बसविला होता. त्याला केवळ आत्मप्रदर्शन करावयाचे असते, तर ही निवड त्याने केली नसती.

संगीतसभांतील त्याची रीतही निराळी होती. कार्यक्रम आधी ठरलेला नसे. क्रमांक घातलेल्या गीतांची पुस्तिका श्रोत्यांच्या हाती दिली जाई आणि तो मनास येईल तो क्रमांक मंचावरून पुकारी. शूमान व शूबर्ट यांची गीते, दर्गोमीझ्स्कीचा ‘वृद्ध सैनिक’, मुसोर्गस्कीचे ‘पिसवेचे गाणे’ आणि रशियन लोकगीते यांचा त्यात समावेश असे. व्होल्गा नदीतून नावा ओढणाऱ्यांचे ‘एय उख्न्येम’ हे गीत त्याच्यामुळे जगभर पसरले. दुरून येणारा, जवळ येऊन भारी होणारा आणि पुन्हा विरत जाणारा श्रमिकांचा तांडा त्याने केवळ आवाजाच्या वाढत्या-घटत्या आकारमानातून दाखविला आहे. १९३६ मध्ये पूर्व आशियाच्या दौऱ्यात टोकिओ येथे त्याने हे गीत व ‘पिसवेचे गाणे’ पुन्हा मुद्रित केले. तेव्हा त्याचे वय सुमारे त्रेसष्ट होते; श्वास आखूड झाला आहे, पण आकार तसाच.

शल्यापिनच्या ध्वनिमुद्रिका विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून निघू लागल्या. प्रारंभीच्या मुद्रिकांत चारएक मिनिटांच्या मर्यादेमुळे प्रवेश कापावे लागले आणि कर्ण्यासमोरच्या मूठभर वादकांना वाद्यवृंद म्हणावे लागले. विद्युत् मुद्रणाच्या काळातील, विशेषतः कॉव्हेंट गार्डन येथे १९२८ मध्ये प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी घेतलेल्या बोरीसच्या मुद्रिका अधिक विश्वसनीय होत. जी. डब्ल्यू. पाब्स्ट दिग्दर्शित दाँ किशोत (१९३३) या चित्रपटात त्याचे अभिनयदर्शन घडते. त्यातील गीतांसाठी प्रथम राव्हेललाही विचारणा झाली होती, पण अखेर ती ईबेर याने रचली. चित्रपट संथ आहे. शेवटच्या प्रसंगातील शल्यापिनचा चेहरा मात्र विसरता येण्याजोगा नाही.

नाट्यविचारावरही त्याचा प्रभाव पडला. स्तानिस्लाफ्स्कीने आपल्या अभिनयविषयक चिंतनात शल्यापिनला आदर्श मानले आहे. पुढच्या पिढीतील इटालियन पिंत्सा व बल्गेरियन ख्रिस्तॉफ यांसारख्या बास गायकांनी बोरीसची भूमिका त्याच्या छायेत केली. ख्रिस्तॉफने तर १९५२ च्या ध्वनिमुद्रणात बोरीस, पीमेन व वार्लाम या तिन्ही भूमिका गायल्या. शल्यापिनच्या अनुकरणाचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की मृत्यूच्या प्रवेशात घोगरे किंचाळणे व धापा टाकणे हा बोरीसचा संकेतच होऊन बसला. मूळ ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकल्यास शल्यापिनने हे किती कमी आणि किती नेमक्या ठिकाणी केले होते, ते ध्यानात येते. अनुकरण करणाऱ्यांनी त्याचे हुंदके उचलले. त्यामागची सलग, इटालियन वळणाची गायकी उचलणे अवघड होते.

रक्ताच्या कर्करोगाने पॅरिस येथे त्याचे निधन झाले. तेथील बातिन्योल दफनभूमीतून १९८४ मध्ये त्याच्या अस्थी मॉस्कोस नेण्यात आल्या व नोव्हदेविची दफनभूमीत त्यांचे पुन्हा दफन करण्यात आले. त्याच्या पीटर्झबर्ग येथील घरात १९७५ मध्ये आणि मॉस्कोच्या घरात १९८८ मध्ये संग्रहालये उघडण्यात आली. कझान येथे १९८२ पासून त्याच्या नावाने ऑपेरा महोत्सव भरू लागला. काढून घेतलेला किताब शासनाने त्याला १९९१ मध्ये मरणोत्तर परत दिला.